२२ जून आठवतो, मग १० मार्च का आठवत नाही? : पुण्याचा प्लेग, जगाची परिषद आणि नायकांचे राजकारण

१८९७ साल म्हटले की पुण्याला एकच तारीख आठवते : २२ जून. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली. या तारखेच्या नावाने १९७९ मध्ये चित्रपट निघाला, चिंचवडच्या चौकाला चापेकरांचे नाव मिळाले, शालेय इतिहासात त्यांना जागा मिळाली.

त्याच वर्षाची दुसरी एक तारीख आहे : १० मार्च. त्या रात्री सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी पडला होता. त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले आणि त्यातच त्यांना लागण झाली. ही तारीख आपल्या वस्त्यांत, आपल्या विहारांत पाळली जाते. पण पुणे शहराच्या आठवणीत तिला २२ जूनचा मान नाही.

तिसरी तारीख तर कुणालाच आठवत नाही : १९ मार्च १८९७. त्या दिवशी पुण्यापासून हजारो मैल दूर, इटलीतल्या व्हेनिस शहरात, युरोपातल्या सरकारांनी एका करारावर सह्या केल्या. प्लेगपासून जगाचे रक्षण कसे करायचे याचा तो करार होता. प्लेग होता मुंबईत आणि पुण्यात. मरत होती इथली माणसे. आणि जगाच्या रक्षणाचा निर्णय होत होता व्हेनिसमध्ये.

या तिन्ही तारखा आपण एकत्र वाचत नाही. आमचे म्हणणे असे, की त्या एकत्र वाचल्याशिवाय आपत्तीचे राजकारण कळत नाही. आपत्ती आली की सरकारे बैठकीला बसतात, समाज नायक शोधू लागतो, आणि या दोन्हींच्या मधे जो माणूस मरतो किंवा दुसऱ्याला वाचवतो त्याचे नाव कुठेच लिहिले जात नाही. १८९७ मध्ये हे घडले. २०२० मध्ये पुन्हा घडले.

सुपरहिरो आणि सरकारांची बैठक

तरुण मित्रांना ही गोष्ट सिनेमावरून पटकन कळेल. ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ (२०१६) या चित्रपटात सोकोव्हिया नावाच्या काल्पनिक देशातल्या विध्वंसानंतर ११७ देश एक करार करतात. सुपरहिरोंवर अंकुश कुणाचा असावा यावर सगळा वाद. हिरो दोन गटांत विभागले जातात, आपसात लढतात, आपण टाळ्या वाजवतो. पण ढिगारा कुणी उपसला? प्रेते कुणी उचलली? घर आधी कुणाचे बांधले गेले? सोकोव्हियातल्या सर्वांत गरीब वस्तीला त्या करारात काही विचारले गेले का? सिनेमाला या प्रश्नांत रस नसतो. सिनेमाचे ठीक आहे, तो करमणुकीसाठी असतो. खरी अडचण ही, की आपला इतिहासही याच पद्धतीने लिहिला गेला आहे.

व्हेनिसमध्ये काय ठरले

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी दाखवून दिले. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. मुंबई बंदरातून सुएझ कालव्यामार्गे युरोपात आगबोटी जात. युरोपच्या पोटात गोळा आला. मुंबईतून येणाऱ्या मालावर आणि माणसांवर निर्बंध येऊ लागले.

१६ फेब्रुवारी १८९७ रोजी व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद सुरू झाली. चर्चा कशाची? आगबोटींची. रोगग्रस्त बोट कोणती, संशयित कोणती, निरोगी कोणती. कोणता माल अडवायचा, कोणता सोडायचा. प्लेगची खबर एका सरकारने दुसऱ्याला किती लवकर द्यायची. हजला जाणाऱ्या मुसलमान यात्रेकरूंचे काय करायचे. त्या वर्षी मुंबई आणि कराची बंदरांतून हजची वाहतूक बंदच केली गेली. व्यापाराला शक्य तितकी वाट मोकळी आणि गरीब यात्रेकरूला अटकाव, असा हा हिशेब होता.

हिंदुस्थानच्या वतीने तिथे बोलणारे होते ते ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी. त्यांची मुख्य काळजी व्यापाराची. मांडवीच्या चाळीतला हमाल, गिरणीतला कामगार, मुंढव्याच्या महारवाड्यातले पोर हे त्या परिषदेत रोगाचे वाहक म्हणून हजर होते, माणूस म्हणून नव्हे. जगाचे रक्षण या शब्दांतले ‘जग’ कोणाचे, हे तिथेच स्पष्ट झाले.

आणि व्हेनिसची बैठक भरण्याआधीच, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, इथे साथरोग कायदा मंजूर झाला. हा कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. रुग्णाला उपचार मिळालाच पाहिजे असे त्यात एक अक्षर नाही. ज्याचे घर रिकामे केले, कपडे जाळले, त्याला काय मिळणार, यावरही एक अक्षर नाही. जगाला दाखवायचे होते की आम्ही कडक आहोत. तो कडकपणा कुणाच्या अंगावर पडणार, हे कायद्याने विचारलेच नाही.

पुण्यातला अत्याचार आणि त्यातली जात

फेब्रुवारीच्या मध्यास रँड पुण्यात आला. त्याच्या प्लेग कमिटीत तो स्वतः, कर्नल फिलिप्स आणि डॉक्टर बेव्हरिज असे तिघे ब्रिटिश अधिकारी. १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या मदतीने घरझडती सुरू झाली. सैनिक घरात शिरत, संशयित आजाऱ्याला उचलून दवाखान्यात नेत, त्याच्या घरच्यांना छावणीत टाकत, सामान बाहेर फेकत आणि जाळत.

हा अत्याचार होता, हे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत स्त्रियांची होणारी आबाळ जाहीरपणे मांडली. मुंबई सरकारने ती नाकारली. इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला आणि पुरावा देता न आल्याने परतल्यावर माफी मागितली. सरकारकडे सत्ता होती, सैन्य होते, चौकशी करणारेही तेच होते. पुरावा कुणी आणि कसा द्यायचा?

पण तक्रारींमध्ये आणखी एक सूर होता, आणि तो आपल्याकडच्या इतिहासात हळूच गाळला जातो. देवघरात आणि स्वयंपाकघरात परके पाय पडले, विटाळ झाला, सोवळे मोडले, ही तक्रार. जातीबाहेरच्यांबरोबर एका छावणीत राहावे लागेल ही भीती. मुंबईत तर निरनिराळ्या जातींनी स्वतःच्या पैशाने आपापली प्लेग रुग्णालये उभी केली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. टिळक शहर सोडून पळाले नाहीत, पळणाऱ्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीकाही केली, हे नोंदवायलाच हवे. पण मृत्यू दारात उभा असतानाही खाट जातीप्रमाणे मांडली जात होती, हेही नोंदवायला हवे. ज्या जातीजवळ पैसा होता तिने रुग्णालय काढले. ज्यांच्याजवळ पैसाही नव्हता आणि ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांनी कुठे जायचे?

शहर कुणाच्या खांद्यावर उभे होते

त्या काळात मुंबई महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी आपल्या अहवालात एक गोष्ट मान्य केली. त्यांना सर्वांत मोठी भीती वाटत होती ती हलालखोर म्हणजे मैला उचलणारे कामगार शहर सोडून जातील याची. गिरण्या बंद पडल्या तरी शहर कसेबसे तगले असते. पण सफाई कामगार गेले असते तर मुंबई राहण्यालायक उरली नसती. ऑक्टोबर १८९६ मध्ये सक्तीने रुग्ण उचलण्याचे नियम सैल केले गेले, त्यामागे गिरणी कामगारांचा उद्रेक होता तशीच ही भीतीही होती.

हा कबुलीजबाब नीट वाचा. साम्राज्याचे सैन्य होते, कायदा होता, युरोपची परिषद बसली होती, हाफकिन यांची लस तयार होत होती. आणि तरीही शहराचा खरा पहारा होता तो पाटी आणि खराटा घेतलेल्या अस्पृश्याच्या हातात. राज्यकर्त्यालाही ते ठाऊक होते. मग त्याला सन्मान मिळाला का? पगार वाढला का? परिषदेत जागा मिळाली? काहीच नाही. उलट, त्याच दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढे पुण्यातच शिवराम जानबा कांबळे यांनी तोच लढा चालवला. संरक्षणाची घाण अंगावर घेणारा चालतो, संरक्षणाचा गणवेश घालणारा चालत नाही. ब्राह्मणी व्यवस्था आणि वसाहतवादी व्यवस्था यांचे इथे छान जुळले.

डॉ. वाल्देमार हाफकिन यांचेही उदाहरण पाहा. ओदेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लसीनंतर १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा सगळा दोष त्याच्यावर ढकलला गेला. दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. सत्तेला तारणहार हवा असतो तो कौतुकासाठी, आणि काही बिघडले की बळी द्यायलाही तोच हवा असतो.

हडपसरच्या माळावरचा दवाखाना

आता १० मार्चकडे या. सावित्रीबाईंनी मुलगा डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. शहराबाहेर, मोकळ्या जागी. तिथे जात विचारली जात नव्हती. रुग्ण आणायला सावित्रीबाई स्वतः जात होत्या. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे.

ही अचानक आलेली दया नव्हती. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला सत्यशोधकांनी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला होता, तेव्हाही जोतीराव आणि सावित्रीबाई त्यात होत्या. सत्यशोधक समाजाची ही कामाची पद्धत होती : आपत्ती आली की संस्था उभी करायची. मुंबईत सत्यशोधक चळवळीचे आणि कामगार चळवळीचे नेते, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या काळात कामगारांमध्ये काम करत राहिले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. म्हणजे दीड महिन्याच्या आत चळवळीने दोन मोठी माणसे गमावली. दोघेही लोकांना वाचवताना गेले, कुणाला मारताना नव्हे.

आता तारखा पुन्हा लावा. १६ फेब्रुवारीला व्हेनिसची परिषद बसली. १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. १३ मार्चला पुण्यात घरझडती सुरू झाली. १९ मार्चला करारावर सह्या झाल्या. सरकारे जगाच्या रक्षणाचा मसुदा लिहीत होती तेव्हा ते रक्षण हडपसरच्या माळावर प्रत्यक्षात चालू होते. त्यासाठी कुणाला दार फोडावे लागले नाही, कुणाच्या घरात बंदूक न्यावी लागली नाही. सक्तीला पर्याय नव्हता असे म्हणणाऱ्यांना पुण्यातूनच उत्तर मिळाले होते.

एक नेहमीचा आक्षेप

हे लिहिले की लगेच म्हटले जाते, ‘तुम्ही इंग्रजांची बाजू घेता, क्रांतिकारकांचा अपमान करता.’ आम्ही कुणाचा अपमान करत नाही. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ फासावर गेले. मरणाला ते भ्याले नाहीत, हे खरेच आहे. पण इतिहास म्हणजे आरती नव्हे. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यात राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत आहे, तशीच समाजसुधारकांना मारहाण केल्याचीही आहे. त्यांचा राग इंग्रजांवर होता आणि सुधारणेवरही होता. याच पुण्यात १८९५ मध्ये काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू दिली नव्हती. सोवळे जपण्याचा राग आणि स्वातंत्र्याचा राग त्या काळात कसे एकमेकांत मिसळले होते, हे सांगितल्याशिवाय २२ जूनचा इतिहास पुरा होत नाही.

आणि रँड मेल्यावर काय झाले? पुण्यावर जादा पोलीस बसले, त्यांचा खर्च शहरावर पडला. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. प्लेग मात्र थांबला नाही. पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मेली. प्लेग गोळीने जात नाही आणि झडतीनेही जात नाही. तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल लुई सिमाँ याने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे ज्यांची घरे अंधारी, दाट आणि मातीची, त्यांच्यावर तो सर्वांत आधी येणार. प्लेगवर खरा इलाज होता तो घर, पाणी, स्वच्छता आणि लस. या चार गोष्टींसाठी कुणी चौकाला नाव देत नाही.

बाबासाहेब पुण्यात काय म्हणाले होते

नायकपूजेचा हा प्रश्न बाबासाहेबांनी याच पुण्यात सोडवला आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी गोखले स्मारक सभागृहात, न्या. रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त, त्यांनी ‘रानडे, गांधी आणि जीना’ हे भाषण केले. महापुरुष कुणाला म्हणायचे, याची चर्चा त्यात आहे. केवळ शौर्य, केवळ बुद्धी, केवळ प्रामाणिकपणा त्यांनी पुरेसा मानला नाही. ज्याच्या कामामागे सामाजिक हेतू आहे, जो समाजावर आसूड उगारतो आणि समाजाची घाण साफ करतो, तो महापुरुष, असा त्यांचा निकष आहे.

घाण साफ करणारा! या शब्दाकडे लक्ष द्या. जातिव्यवस्थेने ज्या कामाला सर्वांत खाली ढकलले, तेच काम बाबासाहेबांनी महापुरुषाच्या व्याख्येत सर्वांत वर ठेवले. या निकषावर १८९७ चे पुणे तपासले तर नायक कोण ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

पण इथे आपणही सावध राहायला हवे. सावित्रीबाईंना देवी करून हार घालणे सोपे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. तो इशारा आपल्यालाही लागू आहे. ६६ वर्षांच्या बाईला आजारी मूल पाठीवरून का आणावे लागले? कारण मुंढव्याच्या महारवाड्यासाठी सरकारचे वाहन नव्हते, नगरपालिकेचा दवाखाना नव्हता, सवर्णांचे रुग्णालय नव्हते. व्यवस्था जिथे नाही तिथे माणसाला नायक व्हावे लागते, आणि नायक होता होता मरावे लागते. सावित्रीबाईंचा खरा सन्मान करायचा असेल तर पुढच्या सावित्रीला असे मरावे लागणार नाही अशी व्यवस्था उभी करणे, हाच एक मार्ग आहे.

निर्णयाच्या पंगतीत आपले पान

व्यवस्था कोण उभी करते? जो निर्णयाला बसतो तो. म्हणून बाबासाहेबांनी मदतीची याचना केली नाही, प्रतिनिधित्व मागितले. १८९७ ला व्हेनिसमध्ये आपला कुणी नव्हता. १९३० ला लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन बसले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, आणि २४ सप्टेंबरला याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात, ते सोडून द्यावे लागले. हा पुण्याचा इतिहास आपण कधी विसरणार नाही.

प्रतिनिधित्वाने फरक काय पडतो? १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला, बंगालची दाणादाण उडाली. त्यावेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि युद्धोत्तर पुनर्रचनेत पाणी व वीज हा विषय त्यांच्याकडे होता. १९४५ मध्ये कलकत्त्याला केंद्र, बंगाल आणि बिहार अशा तीन सरकारांच्या बैठका त्यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. प्रत्येक प्रांत आपापले पाहत होता. बाबासाहेबांनी प्रश्न बांध घालण्यापुरता ठेवला नाही. पूर रोखायचा, शेतीला पाणी द्यायचे, वीज निर्माण करायची, आणि हे सगळे एकाच योजनेत, अशी मांडणी केली. त्यातून पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. आपत्तीनंतर सरकारे एकत्र बसतात तेव्हा नुसती भिंत बांधायची की माणसाचे जगणे बदलायचे, हा फरक तिथे दिसतो.

आणि त्यातला अपुरेपणाही सांगितला पाहिजे. त्या धरणांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. अंमलबजावणीच्या वेळी निर्णयाच्या पंगतीत त्यांचे पान मांडलेले नव्हते. म्हणजे वर एक आपला माणूस बसला की काम संपत नाही. ज्याच्यावर आपत्ती येते आणि ज्याच्यावर उपाय लादला जातो, तो स्वतः बैठकीत हवा.

२०२० : तोच कायदा, तेच हडपसर

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. सरकारने कपाटातून कोणता कायदा काढला? १८९७ चाच. १२३ वर्षे झाली, देश स्वतंत्र झाला, संविधान आले, आणि साथ आल्यावर हातात आला तो रँडच्या काळातला कायदा. त्यात त्याच वर्षी दुरुस्ती झाली, आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा आली, ते योग्यच झाले. पण त्या व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी, सामूहिक आरोग्य कार्यकर्ता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सफाई कामगाराचे नाव नाही. त्याचा समावेश कुणी अधिसूचना काढली तर. स्नो साहेबाला १८९६ मध्ये जे कळले होते ते आपल्या संसदेला २०२० मध्येही लिहावेसे वाटले नाही.

टाळेबंदीत पुणे घरात बसले होते तेव्हा दारोदार कचरा कोण उचलत होते? कचरावेचक बाया. त्यांत बहुसंख्य दलित, त्यातही आपल्या मातंग आणि बौद्ध समाजातल्या. १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली होती, पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. संघटना होती म्हणून निदान हातमोजे आणि मास्क मागण्याची ताकद तरी होती. थाळ्या त्यांच्यासाठीही वाजल्या असतील, पण थाळीने चूल पेटत नाही.

आणि हडपसर! सावित्रीबाईंच्या दवाखान्याच्या त्याच परिसरात आज सीरम इन्स्टिट्यूट आहे. जगातल्या कितीतरी गरीब देशांत गेलेली लस तिथे बनली. तरीही लस आधी कुणाला, हे हडपसरमध्ये ठरत नव्हते. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला, की कोरोनाच्या काळापुरते पेटंटचे हक्क बाजूला ठेवा. श्रीमंत देशांनी वेळ काढला. जून २०२२ मध्ये निर्णय झाला तो अगदी मर्यादित, फक्त लशींपुरता, आणि साथीची सर्वांत वाईट लाट ओसरल्यावर. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत साथरोग करार मंजूर झाला. पण गरीब देशांनी दिलेल्या जंतूंच्या नमुन्यांच्या बदल्यात त्यांना लशीत किती वाटा, हा कळीचा भाग नंतरच्या चर्चेवर सोडून दिला. व्हेनिसपासून जिनिव्हापर्यंत भाषा सभ्य झाली. बैठकीत देश वाढले. प्रश्न मात्र तोच उरला : जग म्हणजे कोण?

जिनिव्हात भारताने श्रीमंत देशांना जो न्यायाचा प्रश्न विचारला, तोच प्रश्न आपण भारताला विचारायला हवा. देशाबाहेर आपण गरीब देशांच्या बाजूने बोलतो. मग देशात गरीब वस्तीच्या बाजूने कोण बोलते? वॉर्डातल्या आपत्ती समितीवर सफाई कामगारांचा प्रतिनिधी आहे का? मुळा-मुठेच्या पुरात दरवर्षी ज्या वस्त्यांत पाणी शिरते, त्या वस्तीतली एखादी बाई पूरनियंत्रणाच्या बैठकीत बसते का?

मग आपण काय करायचे

एक, १० मार्च हा दिवस नुसता अभिवादनाचा न ठेवता सार्वजनिक आरोग्याचा दिवस म्हणून पाळू या. त्या दिवशी आपापल्या वस्तीतल्या दवाखान्याची, पाण्याची, ड्रेनेजची स्थिती लिहून काढा आणि महापालिकेला द्या. दोन, साथरोग कायद्याच्या जागी रुग्णाचे आणि सफाई कामगाराचे हक्क लिहिलेला नवा कायदा मागू या. तीन, आपत्तीच्या प्रत्येक समितीत, वॉर्डापासून मंत्रालयापर्यंत, बाधित वस्त्यांचे आणि सफाई कामगारांचे प्रतिनिधी मागू या. ही भीक नाही. हे प्रतिनिधित्व आहे, आणि त्याची शिकवण आपल्याला बाबासाहेबांनी दिली आहे.

२२ जूनच्या रात्री रँड गव्हर्नरच्या बंगल्यावरचा राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा सोहळा आटोपून निघाला होता. गणेशखिंडीतला तो बंगला आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाचे नाव आहे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. राणीचे नाव तिथून गेले. मुंढव्याच्या पोराला पाठीवर घेणाऱ्या बाईचे नाव तिथे लागले. हे नाव आपण लढून मिळवले आहे. आता त्या नावाला साजेशी व्यवस्थाही लढूनच मिळवावी लागेल.

जय भीम! जय जोती, जय सावित्री!